चिंचेपर्यंत

नव्वदच्या दशकात आजऱ्याला मावशीकडं जाऊन कोल्हापूरला परतताना, लांब उतार लागला की वडील स्कूटर बंद करायचे. मी पुढं उभी, आई मागं. आधी गाडी रेंगाळायची, मग उताराच्या ओढीनं वेग घेत जायची. इंजिन गप्प, त्यामुळं कानात नुसता वारा. खाली सपाटीला तोच वारा आणि रस्ता मिळून आमचा वेग हळूहळू खाऊन टाकायचे. कडेच्या चिंचेपर्यंत गाडी पोचली की आम्ही जिंकलो! मी जीव खाऊन हँडल पुढं रेटायचे. वडील ओरडायचे, "गाडीवरनंच गाडी रेटून काय हुतंय? जाती तिथवर जाऊ दे की!" बहुतेकदा पोचायचीच.

पुढं वडील गेले, मागोमाग आई. तीच स्कूटर घेऊन मी एकटी त्या उतारावरनं आले आणि वरच बंद केली. चिंचेच्या बरंच अलीकडं थांबली. परत वर नेऊन सोडली, तरी तिथंच.

मंगळवार पेठेतला मिस्त्री म्हणाला, "ताई, चाकात हवा कमी आसंल."

हवा मी बघितली होती. त्या गाडीवर पूर्वी आम्हा तिघांचं वजन असायचं.