चलनावर उतरलेली सरू

"ही सरू कोण रे, तुझी बायको का?" मोठ्या कारकुनांनी विचारलं. पेढीतले सगळे हसले.

त्यांच्या हातात चलनाची प्रत होती. गिरगावातल्या त्या कापडाच्या पेढीत मी चलनं लिहायचो. किती गाठी, कसला माल, कुणाला पोचवायचा. दिवसभर तेच. डोकं सडायचं. जरा उसंत मिळाली की चलनबुकावरच कोरा कागद ठेवून माझी कादंबरी लिहायचो. शाळा कशीबशी सातवीपर्यंत. पण कादंबरी लिहायची होती. परळच्या चाळीतली, गिरणीत कामाला जाणाऱ्या बाईची. नाव सरू. माझ्या बायकोचंच.

त्या दिवशी चलनबुकातला कार्बन कागद काढायचा राहिला. माझ्या कागदावरची सरू कार्बनमधून खाली चलनाच्या प्रतीवर उतरली. मी बघितलंच नाही. त्याच पानावर गाठी लिहिल्या. माल गेला, प्रत गेली, व्यापाऱ्यानं परत धाडली.

मोठे कारकून नाकात वाचायला लागले. कापडाच्या गाठी, मग मधेच नळावर भांडणारी सरू, तिच्या तोंडच्या शिव्या, पुन्हा गाठी. हसू जिरलं की पुढची ओळ. हातात लाल पेन्सिल. आमच्या बोलीतले शब्द खोडून त्यांचे लिहीत होते. हाच माणूस सकाळी मोर्चा खालून गेला तेव्हा सज्जात उभा राहून मराठी राज्याच्या घोषणा देत होता. घसा बसला होता त्याचा. माझी मराठी मात्र त्याला मराठी वाटत नव्हती.

म्हणाले, "धर्म बदललात, बौद्ध झालात, आता लेखकही होणार? असल्या बाया कादंबरीत येत नसतात."

वर हुकूम. उद्या घरून सगळे कागद आणायचे, इथं सगळ्यांसमोर आपल्या हातानं फाडायचे, मग कामाला बसायचं.

मी उभा. मान खाली. नोकरी हवी होती. पण मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"होय, माझी बायकोच हाय," मी म्हणालो. "तिला फाडणार नाय."

पेन कानावरून काढून गादीवर ठेवलं आणि जिना उतरलो.

घरी सांगितलं. सरू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. आता दुपारचं बी लिवता येईल."

कुठलं काय. पोट होतं. दुसरी पेढी धरली, मग तिसरी. सगळीकडं चलनंच. संध्याकाळी बोटं सरळ होत नसत. कादंबरी नळावरच अडून बसली. सरू मधूनमधून विचारायची, "त्या बाईचं फुडं काय झालं?" मी म्हणायचो, बघू.

आता सरू गेली. विचारणारं कुणी नाही. ऐकणारंही नाही. घरात बसलं की त्या कारकुनाचं हसणं अजून कानात येतं. माझा असा संताप होतो की दात करकरतात.

म्हणून परत बसलोय. बाई नळावरून पुढं निघालीय. भांडते, शिव्या देते, आमच्याच बोलीत. हसायचं त्यानं हसावं. लाल पेन्सिल घेऊन कुणी जवळ आलं तर त्याचा हात धरीन.