सगळ्यांचा वकील

आमच्या गावात वकील शोधावा लागत नाही, तो असतोच. देवळाला गुरव असतो तसा. आमचा वकील आमच्याच भावकीतला. वडील त्याला विचारल्याशिवाय दुकानाची पाटीसुद्धा बदलत नसत.

वडील गेले तेव्हा मागे दोन गोष्टी राहिल्या: कामोठ्याजवळचं आमचं रेती-सिमेंटचं दुकान आणि नवं शहर वसवायला गेलेल्या शेतीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट. प्लॉट बिल्डरला द्यायचं ठरलं. वकील म्हणाला, आई आणि बहीण हक्क सोडतील, नावं तुम्हा दोघा भावांची, पुढे कटकट नको. आमच्याकडे रीतच आहे. बहिणी साडी घेऊन सही करतात आणि माहेर टिकवतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच सुमारास बिल्डरच्या नव्या ऑफिसात सत्यनारायण होता, म्हणून तीर्थप्रसादाला गेलो. पाटावर यजमान म्हणून कोण बसलेलं, तर आमचा वकील. शेजारी त्याची बायको, उपरण्याला शेल्याची गाठ मारलेली. बिल्डर पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता, हे आमचे पार्टनर. हातातला शिरा हातातच राहिला. वडिलांच्या तेराव्याला हाच माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. राग नंतर आला. आधी मी नुसता हादरलो.

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ माझ्यावरच उखडला, मी दुसऱ्याच कुणाला तरी बघितलं असेल म्हणाला. आई तांदूळ निवडत राहिली.

आता नवा वकील कुठून आणायचा? ज्याला विचारावं तो आपला भाचा नाहीतर साडू पुढे करायचा. शेवटी दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं पनवेलच्या वकीलबाई सुचवल्या. बाई साताऱ्याकडच्या, इथे कुणाच्या भावकीत नाहीत. मला त्यांची हीच पदवी सगळ्यात मोठी वाटली.

मुलगी बघायला निघावं तसे आम्ही निघालो. आई, मी, भाऊ, आणि वाटेत करंजाड्याहून बहिणीला घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यात मी कुणाची वकील?"

"सगळ्यांची," मी म्हणालो. "आमचं एकच घर आहे."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. हक्क सोडणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भलं एकाच वकिलाला बघता येत नाही, असं त्या म्हणाल्या. तुमच्या आधीच्या वकिलानं वेगळं काय केलं? तो तुमचाही होता आणि बिल्डरचाही. आता तुम्ही मला तुमचीही व्हायला सांगताय आणि आईंचीही.

मी गारच पडलो. त्या भामट्याच्या पंगतीला बाईंनी आम्हाला नेऊन बसवलं होतं, आणि तेही चहा पाजून. भाऊ खुर्ची सरकवून उठला. मीही उठणार होतो, एवढ्यात आई बोलली. वडील गेल्यापासून प्लॉटच्या विषयात तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मना वकील पायजे. माजा एकटीचा."

बाईंनी आम्हा तिघांना बाहेर बसवलं. बाकावर बहीण माझ्या शेजारी होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. दार बंद होतं. आईला एकटीला बसवून कुणी काही विचारतंय, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आई शांतपणे बाहेर आली, चपला शोधू लागली. भावानं विचारलं, काय ठरलं?

"त्या शेतात भाताची आवनी मी केली," ती म्हणाली. "हक्क सोडनार नाय. पोरीचाबी सोडू देनार नाय."

तिनं चपला पायात घातल्या आणि आमच्या दोघांकडे बघितलं.

"बाई चांगली हाय. आता तुमी तुमचा वकील बगा."