झडतीचं लुगडं

"तुला कोन बोलवतं गं पंच म्हनून?" वड्याच्या गाडीवरून झारा रोखत कमळ मला म्हणाली. मी टपरीवरचा चहा उकळता सोडला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

पडघ्याच्या नाक्यावर ड्रायव्हरला अटक झाली की गाडीच्या झडतीला दोन पंच लागतात. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, मग पंचनाम्यावर सही करायची. माल एकदाच सापडतो, किस्से वर्षभर सापडत राहतात.

मला एकदाच बोलावलं. शाळा मी पाहिली नाही. ट्रकांच्या पाठी वाचून अक्षरं शिकले, रद्दीतल्या पुस्तकांतून कायदा. हवालदाराने पुढे केलेला कागद सगळा वाचला. म्हटलं, "साहेब, यात डिकी उघडून झाली. इथे तर किल्लीच सापडत नाही."

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही चहा बघा."

*

तेव्हापासून कमळच. पंचाला शोभेल असं हिरवं लुगडं ती खिळ्याला टांगून ठेवते. पोलिसांची जीप थांबली की वडे अर्धे तळलेले टाकून ते नेसायला पडद्याआड! मीही एक टांगलं. त्यावर काजळी तेवढी बसली.

*

आता झडतीचं मोबाईलवर शूटिंग करावं लागतं. मागे एका टेम्पोच्या वेळी कमळ पदर सावरून कॅमेऱ्याकडेच बघत उभी.

"मावशी, मालाकडे बघा," हवालदार वैतागला.

"माल काय पळून जातो? फोटू माझा येनार हाय."

जळले मी. खोटं कशाला बोलू?

*

आज नारपोलीहून एक बाई आली. त्याच टेम्पोच्या ड्रायव्हरची बायको. नवरा अजून आत आहे. हातात पंचनाम्याची नक्कल. आणि तीसुद्धा कमळचंच नाव विचारत आलेली.

"सीटखाली पुडी सापडली असं यात लिहिलंय म्हणतात. मावशी, तुम्ही बघितली ना?"

"सही केलीय म्हंजे बघितलीच असंल," कमळ म्हणाली.

मी टपरीतून ओरडले, "असेल काय? बघितलीस की नाही?" तिथून भांडण पेटलं ते झाऱ्यापर्यंत आलं.

मग मीही सोडलं नाही. "मला वाचता येतं म्हणून बोलवत नाहीत. तुला येत नाही म्हणून बोलवतात."

कढईत वडे करपायला लागले. तेलकट हात कमळने त्या हिरव्या लुगड्याला पुसले, बाईच्या हातातला कागद घेतला आणि माझ्या हातात दिला.

"वाच मंग. मी काय काय बघितलं ते."