इंजिनेर सरांचा पाया

सन २००८. मी पंचावन्न वर्षांचा होतो आणि माझ्याइतका हट्टी गवंडी शिरूर तालुक्यात नाही, असा माझा लौकिक होता. मग दौंडच्या बाजूला, राहू गावात, एका घराचं काम घेतलं आणि तिथं माझ्या वरचढ एक निघाला. इंजिनेर सर. उभा जन्म कॉलेजात इंजिनेरिंग शिकवलेलं, पण स्वतः कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधलेलं नाही. रिटायर झाल्यावर गावच्या जमिनीत हयातीतलं एकुलतं एक घर बांधायला आले होते.

सर कामावर सिमेंट-वाळू बघायला येत नसत, इतिहास सांगायला येत. पायाच्या चराच्या काठावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची, डोक्यावर ओला पंचा घ्यायचा, की सुरू. "आप्पा, आधी इंजिनेर म्हणजे फौजेतला माणूस. किल्ले, खंदक, तोफांचे रस्ते. मग विलायतेत एक जण म्हणाला, मी फौजेतला नाही, मी लोकांसाठी पूल आणि बंधारे बांधतो. म्हणून तो सिव्हिल." माझी माणसं घमेली खाली ठेवून ऐकायची. सरांच्या घराचा पाया रखडला, पण विलायतेतले सगळे पूल राहूत वेळेवर पुरे झाले.

एकदा म्हणाले, "त्या पहिल्या लोकांना कॉलेज कुठलं? एक कालवे खोदणारा तर धड लिहू शकत नव्हता. काम अडलं की अंथरुणात पडून विचार करायचा, उत्तर सापडलं की उठायचा." हे मात्र मला पटलं. मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला. म्हणजे माझं शिक्षण अगदी रीतीला धरून झालं होतं. रविवारी घरी भरदुपारी आडवा झालो.

बायको म्हणाली, "का वो, बरं न्हाई का?"

"विचार करतोय. इंजिनेर असाच करतो."

"मग घोरत कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "मग मी बी इंजिनेरच की." वाटलं, हसतील. हसले नाहीत. "हो. घर झालं की दाराशेजारी दगड बसवू. त्यावर तुमचं नाव, खाली सिव्हिल इंजिनेर." तीस वर्षं लोकांची घरं बांधली. वास्तुशांतीला पाटीवर मालकाचं नाव, गवंड्याला टॉवेल-टोपी. दगडावर नाव घालणारा हा पहिलाच. शिरूरच्या बाजारात दिसेल त्याला थांबवून सांगितलं.

आता राहूची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते. सर म्हणायचे, काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली चला. मी म्हणायचो, चार फूट बास. मग सर तापानं घरी पडले. एवढी चांगली संधी कोण सोडतो? मी चार फुटांवर दगड भरून टाकला.

सर परत आले. चरात वाकून बघितलं. "आप्पा, मुरूम लागला?"

"माझ्या बापानं चार फुटांवरच घरं उभी केली, सर."

"कुठं?"

"शिरूरला."

"तिथं मुरूम किती खाली?"

"दोन फूट," मी म्हणालो आणि मग आवाज चढवला. "तुमचं समदं पुस्तकातलं! माझं एक पडल्यालं घर दावा, मग बोला."

सर शांतपणे उठले. "ते पहिले इंजिनेर दिवसा एकमेकांशी भांडायचे आणि संध्याकाळी एका टेबलावर जेवायचे. चला, भाकरी खाऊन घेऊ."

"म्हंजी भिशीच की."

"भिशीच."

बाभळीखाली भाकरी मोडता मोडता सर म्हणाले, "घर माझं, पण काम तुमचं. चार फुटांवर ठेवायचं तर ठेवा, मी उपसायला सांगणार नाही. नावाचा दगडही बसवू. उद्या भेग पडली तर ती तुमच्या नावाजवळून जाईल, एवढंच. त्या लोकांनी दुसरं काय केलं, आप्पा? हे मी बांधलं, बिघडलं तर मला विचारा, असं म्हणाले."

मी हात धुतले, गाडीला किक मारली आणि शिरूरला आलो. 

सर त्या घरात बारा वर्षं राहिले आणि तिथूनच गेले. भिंतीला केसाएवढी चीर नाही. दगडावरचं माझं नाव तेवढं त्यांच्या चिरंजीवांनी रंग देताना पिवळ्या ऑइलपेंटखाली पुरलं. वडील स्वभावानं फार गरीब होते, असं ते मला सांगतात. गरीब! माझ्याशी आवाज चढवून भांडणारे पुष्कळ भेटले, त्यांना मी पुरून उरलो. ह्या माणसानं आवाजच चढवला नाही.

मी चुकलो, असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. त्या भाकरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आत चरात उतरलो आणि भरलेले दगड उपसून बाहेर फेकायला लागलो. माझा मजूर काठावरून बघत होता.

"आप्पा, सरांनी सांगितलं व्हय?"

"मला सांगणारा अजून जल्माला यायचाय," मी म्हणालो आणि टिकाव हाणला.