भीमसेनअण्णांचा एकट्याचा अर्ज

जयनगरला राहायला आलो तेव्हापासून भीमसेनअण्णा आमचे शेजारी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इकडेच, कानडी मुलखात मुरलेलं. बोलतात मराठी, पण मध्येच ‘बरं, बरं’ऐवजी ‘सरी, सरी’ म्हणून मान डोलावतात. सरकारी कारखान्यात फोरमन. माणूस सरळ, आणि आनंद पोटात ठेवणं त्यांना मुळीच जमत नाही.

चौऱ्याण्णव साली त्यांच्या गुरुदत्तला इंदिरानगरच्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. अण्णांनी देवापुढचे पेढे आधी गल्लीत वाटले, मग मोठा पुडा घेऊन कारखान्यात गेले. एकेक खातं करत शेवटी मेडिकल विभागात पोचले. तिथल्या कारकुनाने पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि अण्णांचं कुटुंबाच्या उपचारांचं कार्ड मागून घेतलं.

“कमावता मुलगा कुटुंबात धरत नाहीत, सर,” म्हणत त्याने गुरुदत्तच्या नावावर रेघ ओढली.

गुरुदत्तला लहानपणापासून दमा. थंडीत एकदा-दोनदा तरी कारखान्याच्या इस्पितळात न्यावंच लागे. नव्या कंपनीत आजारपणाची काही सोय नव्हती, आणि बाहेरचा विमा घ्यावा तर जुना दमा त्यात बसत नव्हता.

त्या संध्याकाळी अण्णांच्या बायकोचा, अहल्याक्कांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. “पेढे द्यायला तेवढंच खातं उरलं होतं का हो?”

“आनंदात कुणी खातं बघून वाटतं का?”

“अप्पासाहेबांकडून शिका जरा. मुलाचं एवढं दुकान चालतंय, तरी कार्डावर अजून बापावर अवलंबून! त्यांनी कुणाला चिमूटभर साखर तरी दिली?”

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेबांनीच, म्हणजे अण्णांच्या खात्यातल्या सोबत्याने, सल्ला दिला, “नोकरी सुटली म्हणून लिहून द्या. कोण बघतंय?”

अण्णा भडकले. “गावभर पेढे वाटलेत मी! आता पोराला कागदावर बेकार करू?”

त्यांनी सरळ साहेबांना अर्ज लिहिला. कमावतं मूल अविवाहित असेल, आईबापांजवळ राहत असेल, तर त्याच्या वाट्याची रक्कम आमच्या पगारातून कापा, पण नाव राहू द्या. मला वाचायला दिला. मुद्दा चोख होता, फक्त ‘आपला आज्ञाधारक’ तीनदा आलं होतं.

हा अर्ज घेऊन ते सह्यांसाठी आठवडाभर फिरले. सगळे वाचत, “फार छान, अण्णा” म्हणत आणि पेन परत करत. सही करायची म्हणजे आपलाही मुलगा कमावतो हे कबूल करायचं! अप्पासाहेब म्हणाले, “आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.”

“पाठीशी नको. इथे, माझ्या नावाखाली या.”

कुणी आलं नाही. अर्ज एका सहीनेच गेला.

डिसेंबरात गुरुदत्तला जोराची धाप लागली. खाजगी नर्सिंग होममध्ये चार दिवस काढले, महिन्याचा पगार तिथेच संपला. घरी आल्यावर तो म्हणाला, “सोडा तो अर्ज, अण्णा. मी बघेन माझं.”

“तू बघशील रे. पण जेवतोस आमच्या पंगतीला, झोपतोस इथे, आणि कुटुंबात नाहीस? हे कसलं गणित?”

दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते साहेबांच्या कचेरीत डोकावत. शिपाई त्यांना लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगे. तरी जात. उन्हाळा सरता सरता मंजुरी आली, अण्णांनी मागितली होती तश्शीच.

रविवारी सकाळी अप्पासाहेब फाटकात हजर. “अण्णा, तुमच्या अर्जाची नक्कल मिळेल का? आमच्याही पोराचं नाव रीतसर करून घेतो. स्वल्प घाई आहे.”

“मुलगा कधीपासून कमावतो?” अण्णांनी विचारलं.

“झाली... सहा वर्षं.”

आतून अहल्याक्कांचं हसू ऐकू आलं. अण्णांनी मात्र त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः बसून अर्ज लिहून दिला.

नव्या कार्डाला नवा फोटो लागणार होता. जुन्यात गुरुदत्त हाफ पँटमध्ये आईच्या मांडीला टेकून उभा होता. स्टुडिओत फोटोवाला म्हणाला, “सर, मुलगा फार उंच होतोय. त्याला खाली बसवू या का?”

“अजिबात नाही,” अण्णा म्हणाले. “खुर्च्यांवर आम्ही बसतो. त्याला उभा राहू दे, मिशीसकट.”