गोबरगॅसच्या उजेडात

झाशीकडच्या गुरसराय गावातल्या प्रसूतिगृहामागे अनुसूयाने गोबरगॅसची टाकी बांधून घेतली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, गोविंदरावांनी, नाक मुरडलं. "सिस्टर म्हणून नाव कमावलंस, आता शेण कालवणार?" शेजारच्या म्हशींचं शेण ती रोज सकाळी कालवू लागली.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. डिझेलची टंचाई त्याआधीपासूनच होती; आता पंपावर ट्रॅक्टर दिवसदिवस उभे राहत. दूरच्या लढाईने आपल्या प्रसूतिगृहाचा जनरेटर बंद पाडावा, याचा अनुसूयाला संताप येई.

त्याच दिवसांत एका धुकट, अंधाऱ्या पहाटे प्रसूतिगृहात आलेल्या कमलला कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू. झाशीला न्यायला जीप होती, पण डिझेल नव्हतं. वीज कालपासून गेलेली.

"इथंच करावं लागेल," डॉक्टर जानकीबाई म्हणाल्या. "हत्यारं उकळतील?"

"उकळतील. पण थंडीत गॅस कमी बनतो, बाई. शेगडी आणि बत्ती एकदम चालणार नाहीत."

आधी शेगडी पेटली. काळोख्या खोलीत कमल कण्हत होती. तिच्या सासूने दारातून दोनदा विचारलं, "और कित्ती देर, सिस्टरजी?" अखेर हत्यारं उकळून झाली. अनुसूयाने शेगडी बंद करून गॅसची बत्ती लावली.

बाळाचं अंग बाहेर आलं, डोकं अडकलं. नेमकी तेव्हाच बत्ती मंदावली.

"उजेड," जानकीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

कमलला सोडून अनुसूयाला हलता येईना. तिने खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, टाकीवरच्या लोखंडी पिंपावर वजन ठेवा. गॅस दाबला जाईल."

मागच्या अंगणात थांबलेले गोविंदराव धावले. विटा ठेवल्या, पुरेनात म्हणून पिंपाच्या शेणाने बरबटलेल्या कडेवर ओणवे होऊन स्वतःचा भार टाकला. बत्ती फरफरली आणि उजळली. जानकीबाईंनी डोकं सोडवलं. मुलगी निळी पडली होती. अनुसूया तिची पाठ चोळत राहिली, चोळत राहिली. मग मुलगी रडली.

उन्हाळ्यात, गॅस बत्तीसाठी राखता यावा म्हणून, अनुसूयाने छतावर पाणी तापवायचं सौरयंत्र मागणारा अर्ज केला. "जनरेटर आहे ना?" कचेरीतल्या बाबूने विचारलं.

"आहे जी. त्याचं तेल मात्र समुद्रापलीकडून येतं."

यंत्र वर्षाने आलं. ते छतावर चढवताना शिडी गोविंदरावांनी धरली.