कागदाला कळू नये

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी, शाळेच्या ग्रंथालयात बाइंडरकाकांच्या हातातून सुरी पडली. ते उचलायला वाकले. हात उठला नाही. "बाई," ते मला म्हणाले, "हात कुठं गेला बघा." शिपायाने रिक्षा आणली.

त्याआधी मी त्यांना अकरा उन्हाळे पाहिलं होतं. आमची शाळा वसईतली, ग्रंथालय मागच्या अंगाला, खिडकीबाहेर केळी. मी तिथे ग्रंथपाल. मुलं सुट्टीवर गेली की काका मिठागरांकडच्या आपल्या गावाहून सायकलवर यायचे आणि वर्षभरात फाटलेली पुस्तकं शिवून द्यायचे. तरुणपणी मुंबईच्या एका छापखान्यात बांधणी शिकले होते. छापखाना बंद पडल्यावर गावी परतले. वकिलांच्या फायली, चर्चच्या गायनमंडळाची गाण्यांची पुस्तकं, आमचे शब्दकोश, सगळं त्यांच्याच हाताखालून जायचं. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, वापरत कुणी नसे.

कामसू माणसं आल्या आल्या कामाला भिडतात, असा तुमचा-माझा समज असतो. काका आल्या आल्या जमिनीवर बसायचे, डब्यात भिजत ठेवलेला दगड बाहेर काढायचे आणि अर्धा तास सुरीला धार लावायचे. त्या दगडाला ते निसणा म्हणत. एक बाजू खरबरीत, एक गुळगुळीत, मध्ये थोडा झिजून खोलगट झालेला.

आमचा शिपाई दारातून जाता-येता टोमणा मारी. "काका, जूनला शाळा उघडते हां. तोवर होईल ना धार?"

"तोवर तू चार पुस्तकं दातानं कुरतडून ठेव," काका मान वर न करता म्हणत.

धार झाली की वर्तमानपत्राची पट्टी डाव्या चिमटीत उभी धरायची आणि सुरी तिच्यावर नुसती टेकवायची. पट्टी आवाज न करता गळून पडली तर ठीक. जराशी जरी फर्र झाली, तरी सुरी पुन्हा दगडावर. "कागदाला कळता कामा नये," ते म्हणत. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "बोथट सुरी जास्त कापते." म्हणीला आपण मान डोलावतो तशी मी त्याला मान डोलवायची.

हात गेला त्या दिवशी बेचाळीस पुस्तकं शिवून तयार होती. फक्त त्यांच्या कडा कापायच्या राहिल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "स्टेशनच्या पूर्वेला एका गाळ्यात मशीन आहे. एका दिवसात होतील." मशीन अख्खा गठ्ठा एका मापाने कापतं. आमच्या जुन्या पुस्तकांना समास उरला होता नखाएवढा.

दुसऱ्याच दिवशी काकू आल्या. काकांचा निरोप होता. "बाईंना सांग, हात आज ना उद्या येईल. एकदा मशीनवर गेलेलं काम परत येत नाय." ते खरंच होतं. यंदा गठ्ठा गेला की पुढच्या मे महिन्यात काकांना बोलावण्याचं कारणच उरणार नव्हतं. मी सरांकडून शाळा उघडेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि कुणाला न सांगता एक पुस्तक स्वतः कापायला घेतलं.

ते एक प्रवासवर्णन होतं. काका करत तसंच मी ते शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबून धरायच्या लाकडी चापात, आवळलं, कडेला फळी लावली आणि फळीच्या आधाराने सुरी ओढली. फरशीवर पडून सुरीच्या धारेचा टवका उडाला होता, हे मी पाहिलंच नाही. कड उंदराने खाल्ल्यासारखी निघाली. ती साफ करायला मी फळी जरा आत सरकवली. पुन्हा तसंच. मग आणखी जरा आत. पुस्तक उघडलं तेव्हा उजव्या पानांवरच्या ओळींची शेवटची अक्षरं गेली होती आणि डाव्या पानांवरची पहिली.

चौथ्या दिवशी काका रिक्षाने आले. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं. मी पुस्तक लपवलं नाही. त्यांनी ते मांडीवर घेतलं, डाव्या हाताने चार पानं उलटली.

"किती वेळा कापलंत?"

"तीनदा."

"म्हंजे एकदाही नाय कापलं. ढकललं." मग पुस्तक मिटून, "सुरी आना. आठ दिवस पुस्तकाला हात लावायचा नाय."

ते आठ दिवस मी फरशीवर बसून होते आणि ते वर खुर्चीत. सुरीची पाठ दगडापासून दोन पुठ्ठ्यांएवढी उचललेली ठेवायची. कोन हलू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी माझा कोन प्रत्येक फेरीला बदलत होता.

"बाई, दाबू नका. दगडाशी भांडन आहे का तुमचं?"

"दाबल्याशिवाय झिजेल कशी?"

"झिजवायची नाय. पानी घाला आनि वाट बघा."

काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या. म्हणाल्या, "लग्नानंतर मला पन असंच शिकवलं. तेव्हापासून घरात भाजी कमी आनि बोटंच जास्त कापली." काका हसले. आजारानंतर तोंडाची एकच बाजू हसत होती.

एका बाजूने पुरेसं घासलं की धारेच्या पलीकडे केसाएवढा कंगोरा उठतो. तो दिसत नाही. अंगठा धारेवर आडवा फिरवला तर जाणवतो. चौथ्या दिवशी मला तो जाणवला, आणि भर ग्रंथालयात मी मोठ्याने "आला!" असं ओरडले. आयुष्यभर मी लोकांना तिथे गप्प बसायला सांगत आले होते. मग सुरी उलटायची, तोच कंगोरा हलक्या हाताने परतवायचा, मग दगडाची गुळगुळीत बाजू, शेवटी चामड्याचा पट्टा. दगडाचा आवाज बदलत जातो. आधी खरखर, मग तांदूळ पाखडल्यासारखा, मग जवळजवळ नाहीच. काका डोळे मिटून ऐकत. "अजून खर आहे." "अजून." बोटं काळी व्हायची, पाठ धरायची, आणि तरी सकाळी एव्हरशाईन वसाहतीतल्या माझ्या घरून निघताना मला घाई झालेली असायची. पुस्तकं वाचून कळलेल्या गोष्टींचा आनंद मला माहीत होता. हाताला कळलेल्या गोष्टीचा आनंद मला चाळिशी उलटल्यावर मिळाला.

आठव्या दिवशी मी कागदाची पट्टी धरली, सुरी टेकवली. पट्टी खाली पडली होती. कधी, ते मला कळलं नाही.

काकांनी डोळे उघडले. "पडली?"

"पडली."

"मला ऐकू नाय आली," ते म्हणाले आणि काकूंकडे बघत राहिले.

उरलेली एकेचाळीस पुस्तकं शाळा उघडायच्या तीन दिवस आधी संपली. मुख्याध्यापकांनी एक पुस्तक उचलून कडेवरून बोट फिरवलं. "बाइंडरचा हात बरा झाला वाटतं." मी पुस्तकं फळीवर लावत राहिले. पुढच्या वर्षीही काकांनाच बोलवा, असं ते म्हणाले, तेवढं मी त्याच संध्याकाळी काकूंना कळवलं.

माझ्या हातून बिघडलेलं प्रवासवर्णन काकांनी मागून घेतलं. "माझ्या नावावर लिवा. सरांच्या डोळ्याला नको." हजारो पुस्तकं शिवलेल्या माणसाच्या नावावर काढलेलं ते पहिलं पुस्तक.

पुढचा मे त्यांनी पाहिला नाही. दिवाळीनंतर अर्धांगाचा दुसरा झटका आला. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी ते पुस्तक पुढे केलं. "रोज वाचत होते. अक्षर नसेल तिथं थांबायचे, मनानं घालायचे आनि पुढं जायचे. कधी चुकीचं घातलं की स्वतःच हसायचे." काकूंना वाचता येत नव्हतं. तरी पुस्तक माझ्या हातात देताना त्यांची बोटं सुटेनात. मी ते परत त्यांच्याकडेच दिलं.

त्यांनी इतक्या उन्हाळ्यांत शिवलेली पुस्तकं ग्रंथालयाच्या चार फळ्यांवर आहेत. त्यांतल्या कुठल्या कडा त्यांनी कापल्या आणि कुठल्या मी, हे मला ओळखता येत नाही.